पहिल्या पंगतीची अस्वस्थता

प्रति,
मा. संपादक,
यांस स. न. वि. वि.

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे व्यक्तिमत्त्व विकासावर लेख येत आहेत आणि त्याच पानांच्या तळाशी ‘२१ दिवसांत नवे व्यक्तिमत्त्व’ अशा आशयाच्या शिबिरांच्या जाहिरातीही येत आहेत. लेख चांगले आहेत, लिहिणाऱ्यांची तळमळ त्यांत दिसते. तरीही ते वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली, म्हणून हे पत्र. माणूस बदलायला लागला की त्याला हुरूप येतो, आत्मविश्वास वाढतो, चेहरा उजळतो, असे या सगळ्या लेखनात गृहीत धरलेले असते. बदलायला लागलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, त्याला अपराधी वाटते, रात्री झोप लागत नाही आणि हे खूळ आपण कशाला डोक्यात घेतले असे दिवसातून दहा वेळा मनात येते, याचा उल्लेख मात्र कुठेच सापडत नाही. त्यामुळे ज्याला असे होते तो समजतो की आपलेच काहीतरी चुकले आहे, आणि मुकाट्याने जुन्या वाटेला लागतो.

मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. मानसशास्त्र हा माझा विषय नाही. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, त्यात या विषयावरचे थोडेफार वाचले आणि त्याहून जास्त स्वतःच्या स्वयंपाकघरात शिकले. तेव्हा आधी तिथलेच सांगते.

आमच्या घरी रविवारी दुपारी मटण असते, म्हणजे तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके आणि भाकरी. पुरुष आणि मुले आधी, बायका मागून, हा क्रम मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून चालत आलेला. तो कुणी ठरवून दिला असे नाही, पण कधी चुकलाही नाही. शाळेत मुलींना समानतेवरचा धडा शिकवून घरी आलेल्या दिवशीही चुकला नाही, हेही लिहून टाकते. निवृत्त झाल्यावर पहिली दिवाळी झाली आणि मी सुनेला म्हटले, की यापुढे भांडी मध्ये ठेवू आणि सगळे एकदमच बसू. ज्याला जे लागेल ते त्याने वाढून घ्यावे. घरात कुणीही विरोध केला नाही. मुलगा तर म्हणाला, “बस की आई, कोण नको म्हणतंय?”

पहिल्या रविवारी मी बसले आणि पहिला घास तोंडात घालताच उठले, कारण लिंबू आणायचे राहिले होते. परत बसले, तर पांढऱ्या रश्श्याचे पातेले गार झाल्यासारखे वाटले, म्हणून उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा कारण काय होते ते आजही आठवत नाही. मी ओट्यापाशी उभी राहून बंद शेगडीकडे पाहत होते आणि छातीत धडधडत होते. सासूबाईंचे वय ८० च्या पुढे. त्यांनी एकदा माझ्या ताटाकडे आणि एकदा चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, “का गं, बरं वाटंना व्हय?” घरातली सून सगळ्यांबरोबर जेवायला बसली आहे, याचा त्यांना सुचलेला एकच अर्थ, ती आजारी आहे, असा होता, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तो सोयीचा वाटला, कारण आजारी असते तर बसण्याला निमित्त तरी मिळाले असते. ताटातले अर्धे अन्न तसेच राहिले. दुपारी सगळे झोपल्यावर मी ओट्यापाशी उभ्यानेच उरलेली भाकरी रश्श्यात कुस्करून खाल्ली, आणि ती मात्र पोटभर जेवल्यासारखी लागली.

कुणी रागावले नव्हते, काही बिघडले नव्हते, जे मिळत होते ते मला हवेच होते. मग धडधड कशाची, हा प्रश्न त्या दुपारी जो मागे लागला तो अजून पूर्ण सुटलेला नाही. पण त्याचा काही भाग उलगडला आहे.

याच गोष्टीचे दुसरे टोक मी माझ्या मावशीच्या बाबतीत पाहिले होते. तिचे गाव पंचगंगेच्या काठावर आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात कोल्हापूरच्या लहान मुलालाही पाठ असतात. २०१९ च्या महापुरात आम्ही मावशीला आमच्या घरी आणले. घर उंचावर, कोरडे, वर माणसांनी भरलेले. तरी ती रात्र रात्र टक्क जागी असायची. पंख्याचा आवाज वेगळा, खिडकी उलट बाजूला, पहाटे कोंबड्याऐवजी रिक्षाचा हॉर्न. पाणी ओसरल्यावर ती हट्टाने परत गेली. घरात गुडघाभर चिखल साचून गेलेला, भिंतींना ओल, धान्याला कुबट वास, विजेचा पत्ता नाही, आणि त्या पहिल्याच रात्री ती, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, “मेल्यागत” झोपली. नदीकाठच्या चिखलीची माणसे पूर आला की पुनर्वसनासाठी दिलेल्या सोनतळीच्या जागेत जातात आणि पूर ओसरला की घरी परततात, यावर शहरातली मंडळी हसतात. तिथला पुनर्वसनाचा प्रश्न जागेचा, कागदपत्रांचा, गोठ्यांचा आणि शेतापासूनच्या अंतराचा आहे; तो माणसांच्या मनावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण माझ्या मावशीपुरते मी एवढे नक्की सांगू शकते, की सुरक्षित असणे आणि सुरक्षित वाटणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. जे ओळखीचे ते मनाला सुरक्षित वाटते, मग ते पुराच्या रेषेखाली का असेना.

असे का व्हावे, याचे एक उत्तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मिळते. त्यांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसत आणि दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचे असे. साप निघाला की हाताला विजेचा झोंबणारा धक्का बसे. धक्क्याची शक्यता खेळात सतत बदलत ठेवली होती, आणि घाम किती येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती रुंदावतात यावरून ताण मोजला जात होता. धक्का बसणारच हे ठाऊक असलेला माणूस सर्वांत जास्त ताणात असेल, असे आपण समजू. प्रत्यक्षात सर्वांत जास्त ताण होता तो बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. ठरलेला धक्का माणसाला त्या मानाने सोसला. हे वाचताना मला आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका आठवल्या, ज्या घरातला रोजचा अपमान वर्षानुवर्षे सोसत आल्या आणि माहेरी जाऊन राहण्याचा विषय निघाला की मात्र थरथर कापत. अपमान किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो, हे त्यांना पाठ होते. माहेरच्या दारात काय होईल हे ठाऊक नव्हते.

मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असतो आणि शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा त्याला लागते. एवढा खर्चिक अवयव प्रत्येक गोष्ट नव्याने तोलत बसू शकत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज तो आधी बांधतो आणि अंदाज बरोबर आला की निवांत होतो. सवय म्हणजे असे हजारदा खरे ठरलेले अंदाज. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ॲन ग्रेबील यांनी उंदरांना चक्रव्यूहात पळवून केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की सवय मुरली की मेंदूतल्या विशिष्ट भागाची हालचाल धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी तेवढी उसळते आणि मधल्या भागात शांत राहते. बक्षीस बंद करून सवय मोडली तरी तिचा ठसा पुसला जात नाही, जुनी परिस्थिती परत आली की तो पुन्हा उठतो. पातेल्यावरच्या झाकणाचा आवाज झाला की माझे गुडघे उठायला का लागतात, हे मला तिथे समजले. त्या आवाजापासून सर्वांची ताटे भरेपर्यंतचे सगळे माझ्या शरीराने एका गाठोड्यात बांधून ठेवले होते, आणि त्यात माझी परवानगी कुणी विचारलेली नव्हती.

मात्र सवय म्हणजे केवळ यंत्रासारखे वागणे, असे म्हणून ही गोष्ट मिटत नाही. जुन्या वागण्याने आपल्याला काहीतरी मिळवून दिलेले असते. मागून जेवणारी सून गुणाची ठरते. चार माणसांत न बोलणारा मुलगा मार चुकवतो. कुणालाही ‘नाही’ न म्हणणारा धाकटा भाऊ घरात सर्वांचा लाडका होतो. ज्या वयात ही रीत उचलली, त्या वयात ती शहाणपणाचीच होती, आणि म्हणून तिला आज ‘वाईट सवय’ म्हणून हिणवले की मन आतून बंड करते. माझी धडधड ही बहुधा त्या ‘गुणाच्या सुने’ची होती, जिला आपली ३५ वर्षांची पुंजी एका रविवारात खर्च होताना दिसत होती.

हे मला सर्वांत स्वच्छ दिसले ते तालमीत. माझा भाचा दहाव्या वर्षापासून आमच्या पेठेतल्या तालमीत जातो. हौद्यातली लाल माती, तिच्यात मुरवलेली हळद, तेल, ताक आणि लिंबू, पहाटेचे जोर आणि बैठका, यांत त्याची दहा वर्षे गेली आणि आसपासच्या जत्रांच्या मैदानांत त्याचे नाव झाले. पुढे मोठ्या स्पर्धांत उतरायचे तर मॅटला पर्याय नाही, म्हणून त्याने मॅटवर सराव सुरू केला आणि पुढचे सहा महिने तो आपल्यापेक्षा कच्च्या पोरांकडून हरत राहिला. मातीत पाय रुततो, कुस्ती सावकाश रंगते, समोरच्याचा दम संपेपर्यंत कळ काढता येते आणि पाठ टेकली की निकाल लागतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, हालचालीगणिक गुण, रिंगणाबाहेर पाय पडला तरी समोरच्याला गुण. जे बळ मातीत त्याला उपयोगी पडत होते, ते म्हणजे पाय रोवून उभे राहणे, तेच इथे त्याला पाडत होते. एका संध्याकाळी तो घरी आला, पिशवी कोपऱ्यात टाकली आणि म्हणाला, “आत्ती, मला कुस्ती येतीया का न्हाई त्येच कळंना झालंय.” दहा वर्षांत पैलवानाच्या तोंडून असे वाक्य मी ऐकले नव्हते.

त्याच्या वस्तादांना मी नंतर भेटले. त्यांनी धीर दिला नाही, पाठ थोपटली नाही, ‘विचार सकारात्मक ठेव’ असेही म्हणाले नाहीत. म्हणाले, “मातीतलं त्याचं काय गेलं न्हाई, बाई. पर त्येच्या पायाला अजून खाली मातीच हाय आसं वाटतंय. पायाला कळाय टाइम लागतोय, डोक्याला लागत न्हाई.” इतकी नेमकी गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. जुने कसब निकामी झालेले आणि नवे अजून अंगात न मुरलेले, अशा मधल्या काळात माणूस दोन्हीकडून कच्चा असतो, आणि तो काळ आपण घसरलो आहोत असाच भासतो. बाहेरून पाहणाऱ्यालाही तो घसरलेलाच दिसतो.

खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, तेव्हा मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची त्यांना सवय नव्हती, आणि तेथे ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि मुले टाळ्या वाजवत. सहावा क्रमांक आणि पदक यांच्या मधली चार वर्षे मात्र मी कधीच सांगितली नाहीत, कारण त्यांत टाळ्यांची जागा नव्हती.

जुने सोडवत नाही याचे आणखी एक रूप शिक्षिका म्हणून पाहिलेले आहे, ते थोडक्यात सांगते. नववीतल्या एका मुलाला, जो शेवटच्या बाकावर बसून वर्षभर ‘ढ’ म्हणवून घेत होता, निबंधात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. वही हातात देताना मी त्याचे कौतुक केले, तर त्याचा चेहरा पडला. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “बाई, परत एकदा बघा, चुकून पडलं असतील.” गुण कमी करून घेण्यासाठी आलेला तो माझ्या नोकरीतला एकमेव विद्यार्थी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम स्वॉन यांनी यावर बरेच काम केले आहे; त्यांचे म्हणणे असे, की माणसाला स्तुती हवी असते, पण आपण कोण आहोत याबद्दल त्याने जे ठरवून ठेवलेले असते त्याला दुजोराही हवा असतो, आणि या दोहोंत भांडण लागले की पुष्कळदा दुजोरा जिंकतो. त्या मुलाला ‘ढ’ असण्याची जागा ठाऊक होती. हुशार मुलगा कुठे बसतो, कसा बोलतो, पुढच्या परीक्षेत काय करतो, यातले काहीच त्याला ठाऊक नव्हते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक. माझी एक माजी विद्यार्थिनी, भुदरगड तालुक्यातल्या एका खेड्यातली, अभियांत्रिकी पदविका घेऊन पुण्याला नोकरीला लागली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. रडत होती. खोलीवरच्या मुली चांगल्या आहेत, साहेब चांगले आहेत, काम जमते आहे, पण रोज सकाळी पोटात गोळा येतो, जेवण जात नाही, आपण इथल्या नाहीच असे वाटते. मी तिच्यावर माया करीत होते, आणि त्या मायेपोटीच म्हणाले, “नाही ना मानवत? मग जिवाला कशाला त्रास? ये परत.” ती आली. आज ती गावाजवळच्या एका दुकानात बिले करते आणि भेटली की अजून पाया पडते. ती दुःखी आहे असे मी म्हणत नाही. तिचे आयुष्य तिचे आहे. पण तिच्या पोटातला गोळा म्हणजे पुणे तिला मानवत नसल्याचा पुरावा, असा निकाल मी तीन आठवड्यांत देऊन टाकला, आणि तो देण्याचा मला काही अधिकार नव्हता. सर्व काही ठीक असताना गोळा येतो आहे, हे तिने स्वतःच सांगितले होते. ते मी ऐकलेच नाही.

आपली भाषाही अशा वेळी जुन्याच्याच बाजूने उभी राहते. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’, या म्हणी मी ३१ वर्षे मुलांकडून वाक्यांत उपयोग करवून घेतल्या. बदलाच्या बाजूने बोलणारी म्हण आठवायला मात्र मला डोके खाजवावे लागते. आणि घरची माणसे तर म्हणींच्याही पुढे असतात. मी पहिल्या पंगतीला बसू लागल्यावर माझ्या यजमानांना काय करावे ते कळेना; तेच लिंबू आणायला, मीठ आणायला उठू लागले आणि एकदा तर त्यांनी तांबड्या रश्श्याचे भांडे सतरंजीवर सांडले. जाऊबाई म्हणाल्या, “नोकरी सुटली आणि राणी झाली.” यात दुष्टावा नव्हता. एका माणसाने जागा बदलली की बाकीच्यांनाही सरकावे लागते, आणि त्यांनी तर सरकण्याचा निर्णयही घेतलेला नसतो.

मग धरायचे काय? माझ्या समजुतीप्रमाणे, सगळे एकदम सोडू नये. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या बालमनाच्या अभ्यासकांनी लहान मुलांबद्दल दाखवून दिले, की ज्या मुलाला आईजवळ परतता येईल याची खात्री असते तेच मूल तिच्यापासून लांब जाऊन खेळते. मोठ्या माणसांचे फार वेगळे नसावे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू केले, तेव्हा हेतू बहुजनांच्या शिक्षणाचा होता आणि जातवार वसतिगृहांबद्दल वेगळी चर्चा होऊ शकते, तिच्यात मी शिरत नाही. पण एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. घरात ज्याच्या आधी कुणी शाळेची पायरी चढले नव्हते, असे पोर शहरात आले की त्याचे पुस्तक नवे, परीक्षा नवी, भविष्य नवे. रात्री शेजारच्या पथारीवर मात्र त्याच्यासारखेच बोलणारे दुसरे पोर असे. एक पाय नव्यात टाकताना दुसरा ओळखीच्या जागी ठेवण्याची ती सोय होती. माझ्या विद्यार्थिनीला मी ‘परत ये’ ऐवजी ‘दर शनिवारी मला फोन कर’ एवढे म्हणाले असते, तरी पुष्कळ झाले असते.

आणि वेळ. २१ दिवसांचा आकडा जाहिरातींत कुठून आला, हे शोधले तेव्हा गंमत वाटली. एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने असे लिहून ठेवले होते, की शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस तरी लागतात. ‘निदान’ हा शब्द वाटेत गळला आणि नाकाचा हिशेब अख्ख्या माणसाला लागू झाला. लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक साधी नवी गोष्ट करायला सांगून ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते तपासले, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. त्यांचा विषय होता पाणी पिणे, फळ खाणे, थोडे चालणे, असल्या गोष्टींचा. घरातली आपली जागा बदलायला किती दिवस लागतात, हे त्यात नाही. त्याच अभ्यासात दिसलेली एक गोष्ट मात्र कुठल्याही शिबिरात सांगत नाहीत: एखादा दिवस चुकला तरी विशेष काही बिघडत नाही. ‘सलग २१ दिवस, एकही खाडा नको’ असे ठणकावून सांगणारे शिबिर पहिल्या खाड्यालाच माणसाला घरी पाठवते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. प्रत्येक अस्वस्थता वाढीची असते, असे मी मुळीच म्हणत नाही. काही नोकऱ्या खरोखरच माणसाला पिळून काढतात, काही नाती धोक्याची असतात, आणि काही शिबिरांत तर ‘त्रास होतो आहे म्हणजेच तुमची प्रगती होते आहे’ असे सांगून माणसाला नको तिथे नेले जाते. हे तिसरे मला सर्वांत घातक वाटते. मी स्वतःपुरती पाहते ती खूण अशी: अस्वस्थ वाटताना प्रत्यक्षात माझे काही नुकसान होते आहे का, आणि दहाव्या वेळी ती अस्वस्थता पहिल्या वेळेपेक्षा रेसभर तरी कमी आहे का? नुकसान होत असेल, किंवा दिवसेंदिवस ती वाढतच असेल, तर उठून निघून जाणे हेच शहाणपण. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर शेजारणीचा किंवा माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेचा सल्ला घेत बसू नये, जाणकाराशी बोलावे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे, की व्यक्तिमत्त्व विकासावरील लेखांबरोबर ज्यांनी आयुष्यात अशी एखादी लहानशी गोष्ट बदलली त्यांचे अनुभवही आपण छापावेत, आणि ते छापताना यशाचा शेवटचा परिच्छेद कमी करून मधले हरण्याचे महिने सविस्तर द्यावेत. तालमीतली मुले, पुण्या-मुंबईला गेलेली मुले, साठीनंतर वाहन शिकणाऱ्या बायका, दारू सोडलेली माणसे, अशांची आपल्या शहरात वाण नाही. त्यांना विचारले, तर ती सांगतील. भाच्याला विचारून पाहा. गेल्या महिन्यात तो मॅटवर पहिल्यांदा जिंकला आणि घरी येऊन म्हणाला, की जिंकल्यावरही पाय थरथरतच होते.

आमच्या घरचे विचाराल, तर दीड वर्ष होत आले. सासूबाई आता विचारत नाहीत. मी जरा उशीर केला तर “ये की गं लौकर, गार हुतंय” म्हणून हाक मारतात. परवाच्या रविवारी मी जेवताना एकदाच उठले, आणि लिंबू खरोखरच आणायचे राहिले होते.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर